फक्कीचं घर

१

परसात लहान घर बांधायचं ठरलं तेव्हा कंत्राटदार आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आधीच सांगतो, मनाची तयारी ठेवा. धूळ घरभर येणार. परवानगी आली आली म्हणता लांबणार. सांडपाण्याचा उतार मिळेपर्यंत डोकं फिरणार. शेजारी भिंतीवरून डोकावणार. आणि काम पुरं होईपर्यंत घरातल्या घरात कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही."

"ते आम्ही आत्ताही कुठे बघतो?" माझी बायको म्हणाली. "हे वर, मी खाली."

मुलगा हसला, सून हसली. मी हसलो नाही, कारण ते खरंच होतं. हिचे गुडघे गेले तेव्हापासून जिना बंद झाला. मुलाने खालच्या हॉलमध्ये तिच्यासाठी एक खाट टाकली. तिथे दुसरी खाट मावत नव्हती, म्हणून मी वरच्याच खोलीत राहिलो. लग्नानंतर इतकी वर्षं गेली, पण रात्री तिचा श्वास कानावर न पडता झोपायची वेळ अशी कधी आली नव्हती. म्हणून ते परसातलं घर. एक स्वयंपाकाची जागा, एक आतली खोली, सगळं जमिनीलगत. मला त्यातलं दुसरं काहीच नको होतं. आतल्या खोलीत दोन खाटा शेजारी शेजारी मावल्या पाहिजेत, एवढं मी कंत्राटदाराला सांगितलं. तेवढंच बोललो.

मी फार बोलणारा माणूस नाही. शाळाही फार झाली नाही. एका मोठ्या इमारतीत लिफ्टमन होतो. ही सगळ्यांना सांगते, "यांनी जन्मभर लोकांना वर पोचवलं आणि माझ्या वाट्याला जिना ठेवला."

कंत्राटदार उठता उठता म्हणाला, "माझी एक पद्धत आहे. खणायच्या आधी मी जमिनीवर पांढऱ्या फक्कीने अख्खं घर आखून देतो. खऱ्या मापाचं. त्यात एक दुपार राहून बघायचं. उठायचं, बसायचं, दारातून जायचं यायचं. भिंत उभी राहिल्यावर मला कुणी सांगायचं नाही की दार इकडे हवं होतं."

२

फक्कीचं घर बघून माझा जीव खट्टू झाला. जमिनीवर आखलेलं घर नेहमी असावं त्याहून लहान दिसतं. पण ही खूश होती. मुलाचा हात धरून, एकेक पाऊल आडवं टाकत ती परसात आली, आणि रेषेत जिथे दारापुरती जागा मोकळी सोडली होती तिथे थांबली. मी सरळ रेष ओलांडून आत उभा होतो.

"अहो! भिंतीतून काय जाता? दारातून या. आणि पाय पुसून या."

हे तिचं रोजचं. माझे पाय स्वच्छ असोत की घाण, मी दारात आलो की ती हे म्हणते. मी बाहेर गेलो, गवतावर पाय पुसले आणि दारातून आत आलो.

आम्ही घडीच्या खुर्च्या मांडल्या. एक तिची, एक माझी, आणि एक कंत्राटदाराची, कारण तो बघायला येतो म्हणाला होता. मध्ये टेबल म्हणून एक पेटी. मग त्याचा फोन आला की आज जमत नाही. मुलगा घरात गेला आणि आम्ही दोघंच राहिलो. तिने हवेतली खिडकी उघडली, हवेतला गॅस पेटवला. किती दिवसांनी तिला असं हलताना बघत होतो.

"ती खुर्ची रिकामी बरी दिसत नाही," ती म्हणाली. मग दाराकडे तोंड करून, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गोड आवाजात म्हणाली, "या, या ना. बसा. घर शोधायला त्रास नाही ना झाला?"

मला हसू आलं.

"हसू नका, बोला काहीतरी. पाहुणा आलाय आणि तुम्ही नुसते खांबासारखे." आणि मग रिकाम्या खुर्चीला, "यांचं असंच आहे हो. मनात भरपूर, बाहेर काही येत नाही. तुम्ही मनावर घेऊ नका. आता घर आपलंच समजा."

ती बराच वेळ बोलत होती. खुर्चीला पाणी विचारलं, प्रवासाचं विचारलं. मधूनमधून थांबायची, समोरचा काही सांगत असल्यासारखी मान हलवायची. चांगली नक्कल करते ती. मग ऊन कललं. सुनेने चहाला हाक मारली. आम्ही उठलो, मी तिला धरलं आणि जवळचा रस्ता म्हणून स्वयंपाकघराच्या रेषेवरून सरळ बाहेर आलो. दारातून नाही. मागे वळून कुणी काही म्हटलं नाही. खेळ होता तो.

संध्याकाळी खुर्च्या आणायला गेलो. तिची आणि माझी जिथे होत्या तिथेच होत्या. तिसरी पेटीच्या जवळ सरकलेली होती. माणूस बोलण्यात रंगला की खुर्ची पुढे ओढतो, तशी.

वाऱ्याने सरकली असेल. मी दोन खुर्च्या काखेत मारल्या. तिसरी का उचलली नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. दोनच हात होते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

३

कंत्राटदार म्हणाला होता ते सगळं झालं. धूळ भांड्यांत, कपड्यांत, दातांखाली. परवानगीचा एक कागद अडला, मग पाऊस नको तेव्हा आला, मग सांडपाण्याचा नळ एवढा खोल घालावा लागला की मुलगा आणि कंत्राटदार हातवारे करून भांडले. शेजारी भिंतीवरून डोकावले. मला या सगळ्याचं काही वाटलं नाही. माझं लक्ष आतल्या खोलीवर होतं. विटा वर चढताना मी रोज जाऊन बघायचो, दोन खाटा मावतात ना.

तिसरी खुर्ची तिथेच राहिली होती. गवंड्यांनी ती वापरायला घेतली असावी. कधी तिच्यावर घमेलं असायचं, कधी कुणाचा सदरा. पण संध्याकाळी ते लोक गेले की ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, त्याच जागी, रिकामी दिसायची.

भिंती उभ्या झाल्या, छप्पर चढलं, तेव्हा एकदा मी हिला दाखवायला घेऊन गेलो. ती माझ्या पुढे, भिंतीला हात लावत चालली होती. मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवला आणि थबकलो.

हे समजावून सांगायला कठीण आहे. लिफ्टमन दाराकडे तोंड करून उभा असतो. माणसं त्याच्या पाठीमागे असतात. वर्षानुवर्षं तसं उभं राहिलं की मागे न बघता कळतं आत किती जण आहेत. आकड्याने कळत नाही, तळपायाला कळतं. भरलेल्या लिफ्टची हवा वेगळी आणि रिकामीची वेगळी.

आम्ही दोघं आत होतो. माझ्या तळपायाला ते दोन वाटलं नाही.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही."

"तुमचं नेहमीचं काही नाही."

मी स्वतःची समजूत घातली. नवीन खोली, ओलं सिमेंट, आवाज घुमतो. म्हाताऱ्या माणसाच्या पायाचा काय भरवसा. ही जमीन आहे, लिफ्ट नाही. जमिनीला ओझं कळत नसतं.

४

फरशी बसवायच्या दिवशी मुलगा मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. औषध घातल्यामुळे परत आलो तेव्हा सगळं धूसर दिसत होतं. परसात गेलो तर फरशीवाला हात धूत होता.

"काका, तुमची कमाल आहे," तो म्हणाला.

"का रे?"

"अहो, ओल्या फरशीवर खुर्ची टाकून बसायचं असतं का? मी म्हटलं पाय उचला, तर पाय उचललेत. मी खालची फरशी बसवली, परत पाय ठेवलेत. पण जागचे हलाल तर शप्पथ. शेवटी मी तुमच्या भोवतीनं काम केलं."

"मी डॉक्टरकडे होतो."

तो हसला. "म्हणजे तुमचा भाऊ असेल. तपकिरी स्वेटर घातलेला."

मला भाऊ नाही. तपकिरी स्वेटर माझ्याच अंगात होता. हिने विणलेला, एकच आहे तो.

"बरं बोलतात पण हो," फरशीवाला टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला. "वेळ कसा गेला कळलं नाही."

मी आत जाऊन बघितलं. धूसर दिसत होतं तरी बघितलं. सगळी फरशी सारखी होती. कोपऱ्यात, खुर्चीच्या पुढे, दोन फरशा किंचित खाली दबलेल्या वाटल्या. वाकून हात फिरवला. दबलेल्या होत्या, किंवा मला तसं वाटायचं होतं म्हणून वाटल्या. फरशीवाला चेष्टेखोर आहे, कामावरची पोरं म्हाताऱ्याची गंमत करतात, असं म्हणून मी उठलो. पण चेष्टा करणारा माणूस मागे वळून एकदा तरी बघतो, हसू आलं का म्हणून. तो सरळ निघून गेला होता.

५

मग हिला त्या घराची ओढ लागली. दुपारी हॉलमधली खाट सोडून, काठी टेकत, ती एकटी परसात जायला लागली. सुनेला आनंद झाला. "बघा बाबा, आईंचे पाय मोकळे झाले." मलाही आनंद व्हायला हवा होता.

ती शिवणाचं मशीन तिकडे न्यायला लावून खिडकीशी बसायची. वरच्या खोलीतून मला मशीनचा आवाज ऐकू यायचा. थोडा वेळ चालायचं, मग थांबायचं. थांबलं की तिचं हसणं यायचं. पुन्हा मशीन. आपण काम करताना कुणी जवळ बसून काही सांगत असलं, की हात असा थांबतो.

एकदा मी जेवताना विचारलं, "तिकडे काय हसत होतीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. "आता ते पण मीच सांगू? तुम्हीच तर सांगत होतात, त्या लिफ्टमध्ये अडकलेल्या साहेबाची गोष्ट. इतकी वर्षं पोटात ठेवलीत, बाई!"

त्या साहेबाची गोष्ट खरी आहे. मी ती कुणाला सांगितलेली नाही. सांगायचं मनात यायचं, पण सुरुवात कशी करायची ते जमायचं नाही.

"मी वर होतो," मी म्हटलं.

"असं कसं? खिडकी मोठी हवी म्हणून कंत्राटदाराशी कोण बोललं मग?" मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. तिचा चेहरा किती मऊ झाला होता! "अहो, लाजता कशाला? मला बरं वाटतंय. त्या घरात पाऊल टाकल्यापासून तुम्हाला वाचा फुटली. किती वाट बघितली मी."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. भीती तर होतीच, पण त्याहून वेगळंही काहीतरी होतं. ते जे काही त्या कोपऱ्यात बसलं होतं, ते तिला माझ्या मनातलं देत होतं. मी आयुष्यभर दिलं नाही ते.

त्या दिवसापासून मी बोलायचा प्रयत्न केला. खरंच केला. हॉलमध्ये तिच्या खाटेशी जाऊन बसायचो आणि म्हणायचो, आज हवा बरी आहे. ती म्हणायची, हो. मग मी पुढचं शोधत राहायचो, आणि ती खिडकीतून परसाकडे बघत राहायची.

६

राहायला जायचं ठरलं. त्याच्या आधी एकदा भर दुपारी, सून हिच्या पायांचे व्यायाम करून घेत होती तेव्हा, मी एकटा परसात गेलो. मी पुष्कळ विचार केला होता. माझ्या डोक्याला एकच गोष्ट सुचत होती. आम्ही कुणाला तरी आत बोलावलं होतं, बसा म्हटलं होतं, घर आपलंच समजा म्हटलं होतं. आणि निरोप न देता उठून गेलो होतो. बसलेला माणूस तरी काय करेल? कुणी उठा म्हटल्याशिवाय कसा उठेल?

दार नवीन होतं, रंगाचा वास येत होता. आत सगळं स्वच्छ, रिकामं. कोपऱ्यात ती खुर्ची. आत पाय ठेवताच तळपायाला कळलं, आपण एकटे नाही.

मी खुर्चीकडे न बघता बोललो. "बराच वेळ झाला. तुमची काही चूक नाही. आमचंच चुकलं, निरोप द्यायचा राहिला. आता निघा. बायकोचे गुडघे दुखतात, तिला इथे राहायचंय. माझ्याबरोबर."

इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. आतून कुणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज आला. नळात हवा असते नवीन असताना.

मी दार उघडलं. डाव्या हाताने दाराची कड धरली, जशी लिफ्टची धरायचो, माणसं उतरेपर्यंत दार लागू नये म्हणून. त्या हाताच्या अंगठ्याचं नख वाकडं आहे, कामावर असताना लिफ्टच्या जाळीत सापडलं होतं. आणि इतक्या वर्षांची सवय जिभेवर आली. "उतरा," मी म्हटलं. "शेवटचा मजला."

कुणी हललं नाही. दार अरुंद होतं. मी दारातच उभा, जाणाऱ्याला जागा कुठून मिळणार? म्हणून मी बाजूला झालो. उंबरा ओलांडून एक पाऊल बाहेर.

तेवढ्यात कळलं. उंबऱ्यावर पायाचा चवडा टेकलेला होता, त्याला कळलं. आतलं ओझं हलकं झालं. एक माणूस उतरला. ते कधी चुकत नाही माझं. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मी मोकळा होऊन परसातून चालत निघालो. मागे दार लागलं. मग आतली कडी पडल्याचा आवाज आला. वारा होता थोडा.

चार पावलांवर मला उगाच आठवलं की मी कामावर नवीन असताना आमच्या वरच्या साहेबाने काय शिकवलं होतं. लिफ्टमनने आधी बाहेर पडायचं नसतं. काहीही झालं तरी तो आतच राहतो. बाहेर आला की तो लिफ्टमन राहत नाही, उतारू होतो.

७

सामान न्यायच्या दिवशी मुलाने सकाळपासून खाटा हलवल्या. आतल्या खोलीत दोन्ही शेजारी शेजारी मावल्या, असं तो जिन्यातून ओरडून म्हणाला. मी वरच्या खोलीत माझी पिशवी भरत होतो. कपडे, चष्मा, औषधं. स्वेटर सापडेना. म्हटलं आधीच गेला असेल तिकडे.

पिशवी घेऊन परसात आलो तर सून रिकामा ट्रे घेऊन समोरून आली. माझ्याकडे बघून गडबडली. "अय्या बाबा, तुम्ही कुठून आलात बाहेर? आत्ता तर तुम्हाला चहा देऊन येतेय."

"मी वर होतो."

"हो का?" ती म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं. तिने मागे त्या घराकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे, ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा आणि नाव आठवू नये तसं. "बसा ना आत जाऊन," असं म्हणून ती घाईने गेली.

दार बंद होतं. आत मशीन चाललं होतं. थांबलं. ती हसली. मी कडी वाजवली. स्वतःच्या घराची कडी वाजवताना मला कसंतरी झालं. काठीचा आवाज जवळ आला आणि तिने दार उघडलं.

मी वाट बघितली. चपला काढायला वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो, तिने म्हणावं म्हणून. पाय पुसून या. तेवढं म्हणाली असती तरी मला पुरे होतं.

"राहू दे हो, नका काढू चपला," ती म्हणाली. गोड आवाजात. "पायांचं काय एवढं. या, या ना. बसा."

मी बसलो. तिने दाखवलेल्या खुर्चीत. पायांखालच्या दोन फरशा किंचित दबलेल्या होत्या, माझे पाय त्यांत बरोबर बसले.

"घर शोधायला त्रास नाही ना झाला?" तिने विचारलं, आणि आत वळून हाक मारली, "अहो, बघा कोण आलंय!"

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. दोन खाटांचे पाय दिसत होते, शेजारी शेजारी. त्या दाराची कड कुणीतरी आतून धरली होती. तपकिरी बाही, डावा हात. ज्याला आत यायचंय त्याने यावं म्हणून दार धरून ठेवतात तसा. अंगठ्याचं नख वाकडं होतं.

माझा डावा हात माझ्या खिशात होता. तो बाहेर काढून मी बघितला नाही.

"आलो, आलो," आतून आवाज आला. पुढेही बरंच काही बोलला, सहज, हसत, आणि ती ऐकताना इतकी सुखी दिसत होती, की मला सांगायचं होतं ते जिभेवर येईपर्यंत उशीर झाला. मी तुझा, एवढेच दोन शब्द आले. ते तिच्या हसण्यात बुडाले.

तिने पाणी दिलं. मी प्यायलो. मग ती काठी टेकत उठली, गुडघे दुखत असूनही माझ्याबरोबर दारापर्यंत आली. त्या दुपारी फक्कीच्या घरात आम्ही निरोप द्यायला विसरलो होतो, पण या वेळी ती विसरली नाही.

"बरं वाटलं हं, तुम्ही आलात ते," ती म्हणाली. "पुन्हा या."

मी उंबरा ओलांडला. आत कडी पडली.